पळालेल्याचं पत्र

सेक्टर एक, भिलाई
२७ नोव्हेंबर १९६०

प्रिय केवलराम,

तुला आणि शकुवहिनींना दयाराम मास्तरचा नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस, इकडे कोणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. मोहबोडी सोडताना मी म्हणालो होतो की दर महिन्याला लिहीन. त्याला दोन वर्षं झाली. लिहायला बसायचो, वर तारीख टाकायचो आणि कागद बाजूला ठेवायचो. का, ते राहू दे.

यंदा धान कसं झालं? वहिनींच्या गुडघ्यांना आराम आहे का? तू आता महाराष्ट्रात आणि मी मध्य प्रदेशात. भंडाऱ्याच्या मिशन बोर्डिंगात एका बाकावर बसणाऱ्या दोघांच्या मधून राज्याची सीमा जाईल असं तेव्हा कोणाला वाटलं असतं!

कौशल्या इथे प्लँटच्या दवाखान्यात नर्स आहे. तिला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, म्हातारा बाप तिच्या जिवावर जगतो. इथे सगळंच अर्धवट आणि सगळंच मोठं आहे. रस्ता आज असतो, उद्या खणलेला असतो. बाजारात रशियन बाया पेरू हुंगून हुंगून घेतात आणि छत्तीसगढी बाया त्यांना हसतात. संध्याकाळी भट्टीतला स्लॅग, म्हणजे लोखंडावरचा लालभडक वितळलेला मळ, बाहेर ओतला की बुडालेला दिवस पुन्हा उजाडल्यासारखा होतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं गावाला आग लागली.

ऑगस्टात माझा पाय मोडला. पाइप टाकायला नाली खणली होती, तिच्यात पावसाचं पाणी भरलं होतं, मी रस्ता समजून पाय टाकला. पडल्या पडल्या ओरडत होतो. शिफ्ट सुटून माणसांचा लोंढा चालला होता, त्यातून एक उंच माणूस खाली उतरला, त्याने मला पाठीवर घेतलं आणि मान वळवून म्हणाला, "मास्तर, तुमी?"

तो चंपत होता. हो, तुझा चंपत. लहानूचा पोरगा, तुझा सालदार. पत्र फेकू नकोस, पुढे वाच.

दोन महिने माझा पाय प्लास्टरात होता. कौशल्याच्या ड्यूटीचा नेम नाही. चंपत मजुरांच्या कॅम्पात राहतो, तिथून तो स्वतःची शिफ्ट करून रोज यायचा. मला उचलून बाहेर बसवायचा, आंघोळ घालायचा, लाज सोडून सांगतो, संडासालाही न्यायचा. काही घेईना. मग मी म्हटलं, निदान तुला वाचायला शिकवतो. तो इथे आधी माती खणायला होता, आता ब्लास्ट फर्नेसवर हेल्पर आहे. तिथे धोक्याच्या पाट्या लावलेल्या असतात, तेवढ्या वाचता याव्यात एवढंच त्याला हवं होतं. तो पाट्यांच्या पुष्कळ पुढे गेला. हुशार आहे रे. तुझ्या अंगणात मी अकरा वर्षं शाळा भरवली. हा पोरगा रोज गुरं घेऊन शाळेसमोरून जायचा, आणि मी त्याला एकदाही आत बोलावलं नाही.

तुला बायबलातलं पौलाचं ते एका पानाचं पत्र आठवतं? बोर्डिंगात पाठ करायला दिलं होतं. म्हातारा तुरुंगात आहे. त्याच्या श्रीमंत मित्राचा दास पळून तिथे येतो. म्हातारा त्याला परत पाठवतो आणि मित्राला लिहून देतो की आता याला दास म्हणून नाही, भाऊ म्हणून घरात घे. त्याचं काही देणं निघत असेल तर ते मी भरीन. लहान आणि सोपं म्हणून मी चंपतला तेच वाचायला दिलं. बोट ठेवून ठेवून त्याने चार दिवसांत संपवलं. मग म्हणाला,

"मास्तर, पत्र चांगलं हाय. पण हे म्हाताऱ्यानं मालकाले लिवलं. जो पळाला, त्याचं पत्र कुठं हाय?"

मी म्हटलं, त्याचं पत्र नाही.

"त्याले कोनी इचारलं नाई का, का बाबा तू कावून पळाला?"

"इथे तसं लिहिलेलं नाही."

"मंग हे अर्धंच पत्र हाय."

तीस वर्षं मी त्या पत्रावर प्रवचनं ऐकली, दोन-तीन स्वतः दिलीही. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी त्याला ख्रिस्ती करायला निघालो आहे असं मनात आणू नकोस. तो बौद्ध आहे आणि पक्का आहे.

आता खरं काम. चंपतचं लग्न झालं. बायको गिरजा, राजनांदगावकडची, तिला दिवस गेलेत. त्याला आपली माय इथे आणायची आहे. भागीरथाबाईला आता नीट दिसत नाही, मोतीबिंदू असावा. इथे तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊ शकेल. गावाहून येणाऱ्यांच्या हाती त्याने तीनदा निरोप धाडला. तिचं उत्तर एकच: चोराची माय म्हणून मी गाव सोडणार नाही.

तो जानेवारीत तिला न्यायला येणार आहे. केवलराम, त्याला पोलिसात देऊ नकोस. त्याने साल मोडलं, तुझं नुकसान झालं, हे मी नाकारत नाही. सायकलीचं काय झालं कोणास ठाऊक, त्या गोष्टीला चार वर्षं झाली. चारचौघांत एक चांगला शब्द बोललास तर ती म्हातारी मान वर करून गाव सोडेल. त्याचं जे देणं निघत असेल ते माझ्या नावावर धर. मी भरीन.

तुझा जुना सोबती,
दयाराम


मोहबोडी
९ डिसेंबर १९६०

दयाराम मास्तर,

पत्र भेटलं. पाय मोडला तेव्हाच कळवाचं होतं. मी आलो असतो. आता हाड कसं आहे ते लिही.

तुले चंपतचा पुळका आला, येऊ दे. पण माझं तुले काही आठवते का? दसऱ्याच्या टायमाले हलकं धान कापून वावरात, बांधीत पडलं होतं. गावातले अर्धे मजूर दीक्षेसाठी नागपूरले गेलेले. मी चंपतले म्हटलं, तू तेवढा जाऊ नको. तो माझ्या तोंडावर "बरं" म्हणाला अन् गेला. वापस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस आला. धानाले बांधीतच कोंब फुटले. ते गेलं, जाऊ दे. पण पोरगा माझ्या अंगणात वाढला होता, मास्तर. अन् वरून माझी सायकल. नवी कोरी, नागपूरहून आणलेली, गावातली पहिली.

अन् तिच्याबद्दल तू लिहितो काय, तं "कोणास ठाऊक". तू असा लिहिणारा माणूस नाही. पोरांच्या पाटीवरचा एक काना सुटला तं तू पाटी वापस द्यायचा. मले सरळ सांग. चंपतनं तुले सायकलीचं काय सांगितलं? त्याच्या तोंडचं जसंच्या तसं लिहून पाठव. मंग पाहू त्याले काय म्हणायचं ते.

पौलाचं पत्र आठवते. पाठ झालं नाही म्हणून मी छड्या खाल्ल्या होत्या. त्या मालकानं पुढं काय केलं, ते तं आपल्याले कोणी सांगितलंच नाही.

शकू म्हणते, मास्तरले नमस्कार लिही. लिहिला.

केवलराम


सेक्टर एक, भिलाई
३ जानेवारी १९६१

प्रिय केवलराम,

हे पत्र पोस्टाने येणार नाही, चंपतच्या हाताने येईल. तुझं वाचून होईपर्यंत त्याला बसायला सांग, ही पहिली विनंती. पाय आता ठीक आहे, काठी लागते.

तू विचारलंस, चंपतने सायकलीचं काय सांगितलं. त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. सांगायचं होतं ते माझ्याजवळ.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू कोर्टाच्या तारखेसाठी भंडाऱ्याला गेला होतास, मोटारीने. सायकल शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. दुपारी चंपत शाळेत आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. म्हणाला, "मास्तर, तिरोड्याहून चारची गाडी हाय. मोहल्ल्यातले समदे सकाळीच गेले. मालकानं नाई म्हटलं म्हून मी थांबलो. पण आता थांबवत नाई. पायी गेलो तं गाडी सुटते." एवढंच. त्याने काही मागितलं नाही. मीच म्हणालो, "सायकल घे. मी मागे बसतो आणि परत घेऊन येतो."

मी असं का म्हटलं हे मलाही पुष्कळ दिवस कळलं नाही. तुला माहीत आहे, माझा आजा अशाच एका मोहल्ल्यातून उठून मिशनच्या दारात गेला होता. आपण दोघे त्याबद्दल कधी बोललो नाही. तू मोठ्या मनाने बोलला नाहीस, मी भीतीने बोललो नाही. चंपतला उंबऱ्याबाहेर उभं पाहिलं आणि मला वाटलं, माझ्या आज्याला कोणीतरी वाट दाखवलीच असेल ना.

तो सायकल हाणत होता, मी मागे धोतर सावरत बसलो होतो. वाटेत तो एकदाच बोलला, "मास्तर, तुमी जड हाय." आम्ही दोघे हसलो. त्याला गाडीत बसवून मी परत फिरलो. त्याचा तिथून पुढे भिलाईला जायचा विचार होता की नाही, मला ठाऊक नव्हतं, त्यालाही नव्हता. नागपुरात त्याला कामाला चाललेली माणसं भेटली आणि तो त्यांच्यासोबत गेला.

पावसाने काठोकाठ भरलेल्या बोडीच्या पाळीवर आलो तेव्हा समोरून नत्थू पोलीसपाटलाची बैलगाडी दिसली. अजून लांब होती. जवळ आल्यावर तो मला तुझ्या सायकलीवर पाहणार, रात्री तू येणार, आणि चंपतला कोणी पोहोचवलं ते उघड होणार. माझं घर तुझं होतं. शाळा तुझ्या अंगणात होती. ख्रिस्ती मास्तर गावात नको म्हणणाऱ्यांची तोंडं तू बंद केली होतीस. आणि तुझ्याच माणसाला मी तुझ्याच सायकलीवर बसवून दिलं होतं. मला वाटलं, आपलं आता सगळं गेलं. मी सायकल पाळीवरून खाली ढकलली. ती शिंगाड्याच्या वेलांत गेली. बुडताना घंटी एकदा वाजली. मग मी हात पुसले आणि नत्थूला रामराम केला.

तरी तुझ्यापाशी बोलता आलं असतं. दसऱ्याच्या दिवशी तू माझ्या ओट्यावर येऊन बसलास आणि म्हणालास, "मास्तर, पोरगा गेला अन् सायकलही घेऊन गेला." मी म्हणालो, "असं का?"

एवढे दोन शब्द, केवलराम. ते मला अजून गिळता आलेले नाहीत.

पोलिसांनी भागीरथाबाईच्या घराची झडती घेतली, तेव्हा तू तिथे होतास. तिची मातीची कोठी फोडली, तांदूळ अंगणात सांडला. तू तिला म्हणालास, उद्यापासून माझ्या शेतात पाय ठेवू नको. मी मोहल्ल्याच्या तोंडापर्यंत येऊन पाहिलं आणि शाळेत परतलो. तिकडचा ओरडा पोरं ऐकतील म्हणून मी त्यांना पाढे म्हणायला लावले, मोठ्याने.

मागच्या पत्रात मी तोऱ्यात लिहिलं, त्याचं देणं माझ्या नावावर धर. जसा काही मी पौल! ते देणं पहिल्यापासून माझ्याच नावावर होतं.

तुझं पत्र आल्यावर मी आधी चंपतला सांगितलं. तो स्टोव्हवर चहा करत होता. त्याला मी पूर्वी सांगितलं होतं की सायकल परत आणून ठेवली, नंतर शाळेपासून कोणी चोरली असेल. आता खरं सांगितलं. त्याने चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला, चपला घातल्या आणि गेला. नऊ दिवस आला नाही. कौशल्या म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवत का नाही?" तिलाही सांगितलं. ती माझी पोरगी, पण त्या दिवशी तिने माझ्याकडे जसं पाहिलं तसं कधी पाहिलं नव्हतं.

दहाव्या दिवशी तो आला. दारातच म्हणाला, "मी लय इचार करून राहिलो होतो. तुमी मले गाडीवर पोहचवलं, हे बी खरं हाय. माझ्या मायले चोराची माय केलं, हे बी खरं हाय. एकानं दुसरं पुसत नाई." मग खाली बसला. "मले कागद द्या. पत्र मी लिवतो. माझं मी."

सोबत ते आहे. मी त्यातली एकही चूक सुधारली नाही.

माझं काय करायचं ते तू ठरव. तू गावात सांगितलंस तरी चालेल, सांगच. त्याच्यावर मात्र राग काढू नकोस.

तुझा अपराधी,
दयाराम


केवलरामजी पाटील,

जयभीम.

मी चंपत लहानू. हे मीच लीहून राहिलो. हात माझा आहे.

मी पळालो नाही. मी गेलो. तूमाले सांगून निघालो असतो तं तूमी जाऊ दिलं नसतं. मले त्या दीवशी जाणंच होतं. दूसरा तसा दीवस आला नसता.

माझ्या सालाचे पाच महीने राहीले. ते मी कबूल करतो. धान भीजलं त्याचं मले वाईट वाटते. मी लावलेलं धान होतं.

माझा बाप तूमच्या घरी एकोणीस साल राबला. त्याचं काय राहीलं ते तूमी सांगा.

मी माफी मागाले येत नाही. मायले न्याले येतो. समोर बसून बोलू.

चंपत लहानू
ब्लास फर्नस, भीलाई


मोहबोडी
२९ जानेवारी १९६१

दयाराम,

चंपत गुरुवारी दुपारी आला. पायात बूट, अंगात खाकी शर्ट. मी आंगणात बाजेवर बसलो होतो. तू लिहिलं होतं ना, बसायले सांग. मी पत्र उघडून तेवढी ओळ वाचली अन् बस म्हटलं. मले वाटलं खाली बसन. तो बाजेवर बसला, माझ्या बाजूले. शकू दारात उभी राहून पाहून राहिली. खाली बस म्हणणार होतो, पण हातात तुझं पत्र होतं.

तुझं वाचून माझं डोकं फिरलं. मी तुले मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. चंपत म्हणाला, "मी बी देल्या होत्या. नऊ दिवस."

मंग त्याचं वाचलं. ते लहान होतं, पण मले दोनदा वाचा लागलं. "मी लावलेलं धान होतं." मास्तर, चार वर्षं मी त्या धानाले माझंच म्हणत आलो.

आता माझं ऐक. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात, तू गेल्यावर, बोडी तळाले गेली. भाऊराव ढिवर मासे धरत होता. त्याच्या पायाले लोखंड लागलं. त्यानं सायकल काढून माझ्याकडं आणली. मी पाहिली अन् तेव्हाच मले समजलं. जो माणूस तिरोड्याले जाऊन गाडीत बसला, त्याची सायकल गावाच्या बोडीत कशी येईन? कोणी टाकली ते समजलं नाही, तुझं तं सपनातही आलं नाही. पण चंपतनं चोरली नाही, हे समजलं. मी भाऊरावले म्हटलं, कोणाले सांगू नको. अन् सायकल बैलांच्या कोठ्यात वैरणीच्या कुटाराखाली दाबून टाकली. वीस महिने.

कावून? कारण मंग भागीरथेच्या दारी जावं लागलं असतं. तिच्या घरावर पोलीस मीच नेले होते. पाटलानं जाऊन कोणाले चुकलो म्हणावं, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. तुले पत्रात "सरळ सांग" म्हणून दम दिला, तेव्हा सायकल माझ्या कोठ्यातच होती. तुले दोन शब्द गिळता आले नाही, मी आख्खी सायकल गिळून बसलो.

हे मी चंपतले सांगितलं. त्याच बाजेवर. शकूले बी तेव्हाच समजलं. तो उठून उभा झाला. मले वाटलं आता हा मले मारते. तो बैलाकडं वळला, त्याची दोरी खुंट्याले घट्ट बांधली. मंग म्हणाला, "माय घरी हाय. चाला."

मी कोठ्यातून सायकल काढली. चाकं जाम होती, ढकलता येईना. खांद्यावर घेतली. चंपत हात लावायले आला, मी म्हटलं, नाही. भर दुपारी गावातून चाललो, मास्तर. पंजाबराव ओट्यावर होता. त्यानं इचारलं, "पाटील, हे काय?" मी म्हटलं, "माझी सायकल. बोडीत होती. चंपतनं चोरली नव्हती." दुसऱ्या दारी कोणी इचारलं, तिथंही तेच सांगितलं. ज्यानं नाही इचारलं, त्यालेही थांबून सांगितलं. चावडीपाशी येईस्तोवर मागं पंधरावीस माणसं झाली होती. पहिल्या दोन दारी हळू सांगितलं. मंग मोठ्यानं.

भागीरथा आंगण सारवून राहिली होती, हातानं चाचपत. चंपतनं "माय" म्हटलं. ती थांबली. शेणाचा हात तसाच त्याच्या तोंडावरून फिरवला, डोक्यावरून, कानावरून. मंग इचारलं, "तुझ्यासंग कोन हाय?"

"मी केवलराम," मी म्हटलं.

"खांद्यावर काय हाय, पाटील?"

"सायकल."

ती जवळ आली, हात लावून पाहिला. जंगाचे पापुद्रे तिच्या बोटाले लागले. "ही तं मेली, पाटील," म्हणाली. "बसा. आधी माझं सारवून होऊ द्या, अर्धं सुकलं तं डाग पडते."

मी बसलो. सगळं गाव बाहेर उभं. तिनं काही घाई केली नाही. कोपरा न् कोपरा सारवला, हात धुतले, पदराले पुसले, अन् माझ्यासमोर येऊन बसली. मी म्हटलं, "भागीरथा, तुझा पोरगा चोर नव्हता. मले वीस महिन्यांपासून माहीत होतं. तुझ्या घरावर पोलीस मी आणले. मी चुकलो. मले माफ कर."

मंग म्हणाली, "माफी मोठी गोस्ट हाय, पाटील. आज अर्धी देतो. डोळे चांगले झाले का तुमचं तोंड पाहीन, मंग बाकीचं सांगीन."

कोणीतरी मागं हसलं. तिनं मान वळवली तं तो चूप झाला. मले मात्र त्या अर्धीनंच छाती हलकी वाटली. तिनं तोंडदेखली सगळी देली असती, तं मी घरी येऊन विसरलो असतो.

लहानूच्या एकोणीस सालाचं बी बोललो. बोडीखालची बांधी चंपतच्या नावानं करून देतो म्हटलं. तो म्हणाला, "मले नाई, मायले इचारा. नवरा तिचा होता." तिनं अजून सांगितलं नाही. म्हणते, पाण्याची बांधी आहे का कोरडी ते आधी पाहीन. चंपत उन्हाळ्यात अकितीच्या सणाले पुन्हा येणार आहे, तेव्हा समोर बसून ठरवू. त्याचे पाच महिने मी सोडले म्हणालो तं तो म्हणाला, "सोडू नका. त्याच्यातच धरा." पोरगा आता मले केवलरामजी म्हणते. पहिल्या दिवशी कानाले खटकलं. आता चालते.

काल त्या दोघाले मी माझ्या रेंगीत तिरोड्याले नेऊन सोडलं. बैल मीच हाकले. मोहल्ल्यातल्या बाया भागीरथेले पोहचवाले वेशीपर्यंत आल्या, रडत होत्या. ती नाही रडली. गाडीत बसल्यावर खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाली, "पाटील, शकुबाईले सांगा, मी जाऊन येतो." माय-लेक सुखरूप पोहचले का ते लिही. गिरजाले जपा म्हणावं.

आता तुझं राहिलं. मी तुझं पत्र शकूले वाचून दाखवलं. पाढ्यांपर्यंत आलो तं तिनं हात वर करून थांबवलं, मंग म्हणाली, वाच. तिचा राग गेला का, मले माहीत नाही. माझा नाही गेला. अन् तू मागं लिहिलं ना, मी मोठ्या मनानं बोललो नाही म्हणून? ते बी खोटं आहे, दयाराम. तुझ्या आज्याचं मी बोललो नाही, कारण बोललो असतो तं तुले घरात जेवू घालताना गावाले उत्तर द्यावं लागलं असतं. मले बी भीतीच होती. आपण दोघंही आयुष्यभर एकमेकांचं भेव सांभाळत बसलो, अन् त्याचा भार त्या म्हातारीनं वाहिला.

म्हणून आता पत्र पुरे. तू ये. गावानं माझ्या तोंडून अर्धं ऐकलं आहे, बाकीचं तुझ्या तोंडून ऐकलं पाहिजे. मी सांगितलं तं ते पुन्हा पाटलानं सांगितलेलं होईन. चावडीवर मी तुझ्या बाजूले उभा राहीन. लोक बोलतील, बोलू दे. त्याच्यानंतर तू अन् मी शिव्या देत बसू, दोन दिवस, चार दिवस, जेवढ्या उरल्या असतील तेवढ्या.

कौशल्येले सुट्टी भेटली तं तिलेही आण. पायानं चालवत नाही असं कारण सांगू नको; तार कर, मी टेसनावर रेंगी घेऊन उभा राहतो. शकूनं पुढची खोली काल सारवली. तिथं बाज टाकली आहे, अन् तिनं मले न इचारताच बाजेवर नवी गोधडी घातली आहे.

तुझ्यावर अजून रागावलेला, अन् गाडीच्या टायमाची वाट पाहणारा,

केवलराम